भीमथडीचे नवे शिलेदार

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागी घोड आणि भीमा या नद्यांच्या काठाने जो सखल, कमी पावसाचा आणि उन्हाळ्यात करपून निघणारा मुलूख पसरला आहे, त्याची जुन्या काळची ख्याती प्रामुख्याने घोड्यांची होती. आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा भाग इंग्रजी अमदानीत ज्या भीमथडी तालुक्यात मोडत असे, त्या भीमथडीची तट्टे अंगाने लहान आणि रूपाने सामान्य असली, तरी दाणावैरण बेताची मिळूनही मजल मारण्यात हार न जाणारी म्हणून मराठ्यांच्या फौजांत नावाजलेली होती. आणि ज्याला उंची अरबी घोडा परवडत नसे अशा स्वाराने याच तट्टांच्या पाठीवर बसून दूरदूरच्या मोहिमा केल्या. त्या फौजांत स्वारांचे दोन वर्ग असत. सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर, आणि स्वतःच्या पदराला खार लावून घोडा व हत्यारे घेऊन येई तो शिलेदार. १८१७ च्या जूनमध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या गळी जो तह उतरवला, त्याअन्वये पेशव्याच्या खर्चाने उभारलेल्या घोडदळातून पुढे ‘पूना हॉर्स’ हा नामांकित रिसाला निर्माण झाला, आणि घोडनदीच्या काठचे शिरूर हे पुष्कळ वर्षे त्याचे ठाणे होते. या रिसाल्यातही शिलेदारीचीच वहिवाट चालू राहिली. भरती होणाऱ्या जवानाने घोडा व खोगीर यांच्यासाठी ‘असामी’ची रक्कम भरावी आणि सरकारने बंदूक-काडतुसांची तेवढी तजवीज करावी, असा तो हिशेब होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या सुमारास फौजेची पुनर्रचना झाली तेव्हा तो कायमचा मिटला.

ही हकिकत येथे सांगण्याचे प्रयोजन असे की, गेल्या पाव शतकात याच मुलखात एक नवी शिलेदारी उदयास आली, आणि तिच्याकडे अजून कोणी इतिहासाच्या दृष्टीने पाहिलेले दिसत नाही. कंपनीच्या मोहोरबंद खोक्यातून येणारा, आतले घटक दुसऱ्याच कोणी ठरवलेला संगणक न घेता, आपल्या ऐपतीत बसतील असे सुटे भाग निवडून, ते एकत्र जोडून, त्यावर हवे ते खेळ खेळता येतील असे यंत्र उभे करण्याची ही वहिवाट होय. सामान्य समजूत अशी आहे की, अशा यंत्राची घडण इंटेल, एनव्हिडिया, एएमडी आदी परदेशी कारखान्यांनी ठरवली. ती समजूत अर्धीच खरी आहे. भाग त्या कारखान्यांनी निर्माण केले; परंतु त्यांतला कोणता भाग शिरूरच्या घरात पोहोचला, कोणता दौंडच्या रेल्वे वसाहतीत अडला आणि कोणता पुढील हंगामावर ढकलला गेला, हे ठरवले ते कर आणि जकात यांनी, विजेने, वाहतुकीने आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मंजुरीने. मर्यादित पैशात जोडलेल्या खेळाच्या संगणकाचा इतिहास हा त्यामुळे यंत्राचा थोडा आणि महसुलाचा व संसाराचा अधिक आहे.

भीमेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या या दोन तालुक्यांची प्रकृती भिन्न आहे. शिरूर हे पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव, आणि त्याचा पुण्याशी संबंध एसटीच्या मार्गाने. दौंड हे लोहमार्गाचे अपत्य. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून पूर्वेस निघालेला मार्ग १८५८ साली या बाजूस आला, १८७८ साली दौंडहून मनमाडकडे दुसरा फाटा निघाला, आणि तेव्हापासून इंजिनांचे, गार्डांचे व वाफेचे हे गाव जंक्शन म्हणून ओळखले जाऊ लागले. दोहोंच्या मधोमध न्हावरे आणि चौफुला यांना जोडणारा रस्ता भीमा ओलांडून जातो. घरात पैसा येण्याची रीतही दोन्हीकडे निराळी. शिरूरच्या खेड्यांत तो उसाच्या बिलातून, कांद्याच्या पट्टीतून आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या पगारातून येई. दौंडला तो रेल्वेच्या आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या पगारातून, व १९७९-८० पासून रेल्वे कामगारांना मिळू लागलेल्या बोनसातून, जो दसऱ्याच्या तोंडावर हाती पडतो. ज्याला संगणक जोडावयाचा त्याला या तिथी पंचांगातल्या तिथींहून अधिक पाठ असत. कारण मुलाची अर्जी केव्हा दाखल करावी आणि ती केव्हा मंजूर होण्याचा संभव आहे, हे त्या तिथींवरच अवलंबून असे.

१९८४ च्या अखेरीस केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले, त्या वेळी या दोन्ही गावांना त्याची विशेष वार्ता असण्याचे कारण नव्हते. आयात शुल्काच्या ओझ्याखाली दबलेला संगणक ही बँकांची, विद्यापीठांची आणि मोठ्या कारखान्यांची वस्तू होती. परिस्थिती पालटली ती १९९७ च्या मार्चमध्ये, जेव्हा भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उठवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला. २००५ पर्यंत संगणक व त्याचे बहुतेक सुटे भाग यांच्यावरील आयात शुल्क शून्यावर आले. दरम्यान १९९९ साली महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या हद्दीवरची जकात बंद झाली. पुण्याच्या नाक्यावर एकदा जकात भरून शहरात आलेला माल तालुक्याच्या गावी नेताना दुसऱ्या नाक्याला तोंड देण्याचा प्रसंग त्यामुळे टळला. मात्र पुण्याच्या किमतीत मुरलेली पुण्याची जकात ग्राहकाच्या माथी २०१३ पर्यंत कायम राहिली. २००४ च्या जुलैतील अंदाजपत्रकाने संगणकावरचे उत्पादन शुल्कही माफ केले. त्यापूर्वी लहान जोडणीकाराला लघुउद्योगाच्या सवलतीमुळे हे शुल्क पडत नसे आणि मोठ्या कंपनीला पडत असे. शिवाय विंडोजची परवान्याची प्रत, जाहिरात आणि ठिकठिकाणच्या सेवाकेंद्रांचा खर्च यांपैकी कशाचाही भार तालुक्यातल्या दुकानदारावर नव्हता. पेन्टियम फोरच्या काळात नामांकित कंपनीचा संगणक जेथे चाळीस हजारांच्या घरात जाई, तेथे जोडलेला पंचवीस-तीस हजारांत बसे, याचे रहस्य या सर्व बाबींच्या बेरजेत आहे.

परंतु नुसत्या स्वस्ताईने वस्तू घरात येत नाही. तिला घरात येण्यास कारण लागते. ते कारण या भागाला महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने पुरवले. २००१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम अल्पावधीत गावोगाव पसरला, सरकारी नोकरीच्या जाहिरातींतून त्याच्या प्रमाणपत्राची मागणी होऊ लागली, आणि संगणक ही वस्तू चैनीच्या सदरातून काढून ‘अभ्यास’ या सदरात टाकण्याची सोय कुटुंबप्रमुखास झाली. मुलाच्या मनात मात्र रोड रॅश, एज ऑफ एम्पायर्स किंवा २००३ साली संगणकावर आलेला व्हाइस सिटी यांपैकी काहीतरी घोळत असे. घरच्या जमाखर्चात एक नोंद आणि मुलाच्या मनात दुसरी, अशा दुहेरी लेखनावर या व्यापाराची पहिली दहा वर्षे उभी होती, आणि हे गुपित दुकानदारास पूर्णपणे अवगत होते.

दुकानात पहिला दस्तऐवज तयार होई तो कोटेशनचा. कार्बन घातलेल्या वहीच्या पानावर दुकानदार एकाखाली एक प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, की-बोर्ड-माऊस, स्पीकर आणि यूपीएस अशी कलमे लिही आणि खाली बेरजेची रेघ ओढी. त्या कागदावरची लढाई पाहण्यासारखी असे. वडील खुर्चीवर, मुलगा त्यांच्या मागे उभा, आणि मुलाची सारी धडपड पुढे कधीतरी बसवावयाच्या ग्राफिक्स कार्डासाठी जागा राखून ठेवण्याची. “दादा, बोर्ड जीव्ही नको, जी घ्यायचा, तेवढं सांगा की,” असे तो हळूच म्हणे. “एका अक्षराचे पाचशे जास्त कशापायी?” असा वडिलांचा सवाल. दुकानदार दोघांनाही ओळखून असे, तो म्हणे, “काका, जीला खाच आहे. आत्ता बिनकार्डाचा न्या. पोरगं इंजिनिअरिंगला गेलं की ड्रॉइंगला कार्ड लागतं, तेव्हा बोर्ड बदलावा लागायचा नाही.” या उत्तरात खोटे काही नव्हते, आणि सगळे खरेही नव्हते. इंटेलच्या ८४५ जी या संचावरील बोर्डांना ग्राफिक्स कार्डासाठी एजीपीची खाच असे. ८४५ जीव्ही या स्वस्त संचाला ती नसे. खेळासाठी संगणक जोडणाऱ्याची पहिली परीक्षा या एका अक्षरात होती. ज्याने ते अक्षर वाचवून पाचशे रुपये राखले, त्याच्या यंत्राचे भवितव्य त्याच दिवशी ठरून गेले; आणि ज्याने आज कार्ड न घेता खाच तेवढी विकत घेतली, त्याने मर्यादित पैशाच्या विद्येतले मूळ सूत्र ओळखले होते. मागाहून बदलता येईल त्या कलमावर आज काटकसर करावी, आणि जे बदलावयाचे म्हणजे सगळेच बदलावे लागते, त्या कलमावर करू नये, हे ते सूत्र.

कोटेशन मंजूर झाले म्हणजे माल आणण्याचा प्रश्न येई. तालुक्याच्या दुकानात सर्वच भाग तयार नसत; ते पुण्याहून येत, आणि थोडे पैसे आणखी वाचवू इच्छिणारी मंडळी स्वतःच पुणे गाठीत. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक मालाची जुनी पेठ. त्याहून मोठी बाजारपेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता. शिरूरचा मुलगा शिवाजीनगरच्या स्थानकावर एसटी धरून, दौंडचा पुणे-दौंड शटलने, मांडीवर बोर्डाचे खोके आणि पायांशी कॅबिनेट घेऊन परते. सर्वांत अवघड ओझे मॉनिटरचे. काचेच्या नळीचा पंधरा इंची मॉनिटर बारा-तेरा किलोंचा भरे, आणि खड्ड्यांतून जाणाऱ्या एसटीत तो मांडीवर सांभाळत आणणे हे बाळंतिणीला माहेरून आणण्याइतके जबाबदारीचे काम समजले जाई. यात एक विसंगती अशी की, २००४ च्या ऑक्टोबरात एलजी कंपनीचा जो कारखाना शिरूर तालुक्यातच, रांजणगावास सुरू झाला, त्यात दूरचित्रवाणी संच, शीतकपाटे यांच्या जोडीला रंगीत मॉनिटरही तयार होत असत. परंतु कारखान्याच्या दारावर किरकोळ विक्री होत नाही; माल वितरकाच्या वखारीत जातो आणि तेथून दुकानात येतो. आपल्या तालुक्यात घडलेला पडदा आपल्याच तालुक्यातल्या मुलाने पुण्याहून मांडीवर घेऊन परत आणावा, असा हा व्यापाराचा न्याय होता.

जोडणीचे प्रत्यक्ष काम तासाभराचे. पण त्या तासात हाताला जी शिस्त लागे ती विसरण्याजोगी नव्हती. बोर्ड त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवावयाचा. कशालाही हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला बोट लावून अंगातली स्थिर वीज जिरवावयाची. नंतर खोबणीची बारीक दांडी उभी करून प्रोसेसर अलगद ठेवावयाचा. कोपऱ्यातली खूण कोपऱ्यातल्या खुणेवर आली की तो आपल्याच वजनाने खाली बसतो, आणि तो बसत नसेल तर दाबावयाचा नाही. २००४ पर्यंत इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटाला शेकडो काटे असत. त्या वर्षी आलेल्या नव्या खोबणीत ते काटे बोर्डाकडे गेले, आणि वाकलेल्या काट्याची वॉरंटी मिळत नाही हे ज्ञान पुष्कळांना बोर्डाची किंमत मोजून झाले. मग चण्याच्या डाळीएवढा थर्मल पेस्टचा ठिपका, त्यावर पंख्याचा ठोकळा, चारही कोपऱ्यांचे अटकाव कर्णाकर्णी दाबून बसवणे, रॅमच्या पट्टीची खाच जुळवून दोन्ही बाजूंचे कान कट्कन लागेपर्यंत अंगठ्यांनी दाब देणे, आणि सरतेशेवटी पॉवरच्या बटणाच्या त्या दोन केसासारख्या तारा बोर्डाच्या कोपऱ्यात नेमक्या टोचणे. हे सारे झाल्यावर आतून एकच छोटा ‘बीप’ ऐकू आला म्हणजे सर्व सुरळीत. लांब किंवा तुटक सूर निघाले तर रॅम काढून, खोडरबराने तिचे सोनेरी दात पुसून, पुन्हा बसवावयाची. या खोडरबराने जितके संगणक दुरुस्त झाले असतील तितके अन्य कोणत्याही हत्याराने झाले नसतील.

यंत्र उभे राहिले, तरी ते चालवणारी वीज मात्र मर्जीची धनीण होती. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन हा दिनचर्येचाच भाग होऊन बसला होता. उसाच्या पट्ट्यात पंपांचा भार पडला की दाब इतका उतरे की ट्यूब मिणमिणू लागे. गावठाणाच्या वाहिन्या शेतीच्या वाहिन्यांपासून विलग करण्याची योजना आली तेव्हा कोठे या दुखण्यास उतार पडू लागला. अशा स्थितीत ६०० व्हीएचा यूपीएस ही चैन नव्हती. तो दहा-पंधरा मिनिटांची मुदत देई, आणि तेवढ्यात खेळातली मोहीम जतन करून यंत्र सन्मानाने बंद करता येई. घराला अर्थिंग नसल्यामुळे कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येणे हाही सार्वत्रिक अनुभव. याच परिस्थितीतून येथील जोडणीकारांनी एक नियम काढला, जो पुण्या-मुंबईच्या ग्राहकास उशिरा कळला: एसएमपीएसवर, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या पेटीवर, हात आखडू नये. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे ठळक छापलेले असले, तरी त्याच्या वजनावरून आणि तारांच्या जाडीवरून त्याची खरी ताकद ओळखता येते. तो जळाला तर एकटा जळत नाही. जाताना बोर्डाला आणि हार्ड डिस्कलाही बरोबर नेतो. पुस्तकात हा नियम ‘दर्जेदार घटक वापरावेत’ अशा निर्जीव शब्दांत असतो. येथे तो उतरत्या दाबाने शिकवला. उष्मा आणि धूळ यांवरचा उपायही स्थानिकच होता: कॅबिनेटची एक बाजू कायमची उघडी, आणि समोर टेबलफॅन.

आता मुख्य कलमाकडे, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे वळू. बोर्डाच्या अंगभूत चित्रशक्तीवर व्हाइस सिटी कसाबसा चाले. त्याची किमान मागणी ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचे कार्ड एवढीच होती. पण त्याच सुमारास खेळांच्या रचनेत एक मूलगामी बदल घडत होता. प्रकाश, पाणी, धातूची चकाकी इत्यादी गोष्टी पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यागणिक मोजणारे छोटे आज्ञासंच, ज्यांना शेडर म्हणतात, ते कार्डाकडून चालवून घेण्यास खेळ सुरुवात करीत होते. २००२ च्या फेब्रुवारीत आलेले जीफोर्स ४ एमएक्स ४४० हे कार्ड स्वस्त म्हणून अतोनात खपले; परंतु त्याच्या नावात ‘चार’ असले तरी अंतरंग जीफोर्स दोनच्या पिढीचे होते, आणि पिक्सेल शेडर त्याला ठाऊक नव्हते. परिणाम असा की, २००३ च्या अखेरीस आलेला प्रिन्स ऑफ पर्शियाचा नवा अवतार या कार्डावर सुरूच होईना, आणि त्याहून जुने जीफोर्स ३ हे कार्ड ज्याच्यापाशी होते त्याच्या यंत्रावर तो चाले. दोन उसाच्या बिलांमधले अंतर ज्याने कार्डाची वाट पाहण्यात काढले, त्याच्या दृष्टीने ही फसगत लहान नव्हती. तिच्यावर तोडगा म्हणून थ्रीडी अॅनालाइझ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम हातोहात फिरू लागला. कार्डात नसलेली सोय आहे असे तो खेळाला भासवी, आणि खेळ लंगडत का होईना चालू होई. २००३ च्या एफएक्स ५२०० ने उलट शिकवण दिली: त्या कार्डाच्या पत्रिकेत सर्व नव्या विद्या होत्या, फक्त त्या वापरण्याइतका वेग नव्हता. नावातला आकडा, खोक्यावरचे एमबी आणि कार्डाची खरी कर्तबगारी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे शहाणपण या दोन कार्डांनी एका पिढीला दिले, आणि पुढे कोणत्याही जाहिरातीकडे पाहण्याची तिची दृष्टी बदलली.

ज्ञानाची साधने तुटपुंजी होती. ‘डिजिट’सारखी मासिके आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या तबकड्यांतील खेळांचे नमुने मित्रमंडळीत फिरत. विकत मिळणाऱ्या खेळांच्या तबकड्या बहुतांशी चोरट्या असत, हे इतिहासाने नाकारण्यात अर्थ नाही. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने ब्रॉडबँड सुरू केले, आणि पुढे त्याच्या एका योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात कितीही माहिती उतरवून घेण्याची मुभा मिळाली. पहाटेच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी ज्यांना घड्याळाचा गजरही उठवू शकत नसे, ती मुले ठीक दोनच्या ठोक्याला आपण होऊन उठत.

याच वर्षी सरकार आणि मोठे उद्योग यांनीही गरिबाच्या संगणकाचा प्रश्न हाती घेतला होता. एचसीएल कंपनीने ९,९९० रुपयांचा संगणक बाजारात आणला. त्यात एक गिगाहर्ट्झचा व्हियाचा प्रोसेसर आणि १२८ एमबी रॅम होती. हेतू स्तुत्य होता, तरीही जोडणीची वहिवाट या यंत्राने मोडली नाही. अल्प उत्पन्नाच्या ग्राहकास कमीत कमी यंत्र हवे असते असे ते योजणाऱ्यांनी गृहीत धरले होते. वस्तुतः त्याला हवे होते ते वाढवता येणारे यंत्र. आज अपुरे असलेले यंत्र दोन वर्षांनी पुरे करता येईल, हा भरवसा त्याला स्वस्ताईहून मोलाचा वाटे.

पुढील दशकात या विद्येचे केंद्र नव्या मालाकडून जुन्याकडे सरकले. हिंजवडी, खराडी येथील माहिती तंत्रज्ञानाच्या वसाहती भरभराटीस आल्या, तशी कचेऱ्यांतून मुदत संपून निघालेली डेल, एचपी, लेनोवो यांची यंत्रे रिफर्बिश्ड या नावाने बाजारात आली. त्यांचे प्रोसेसर उत्तम, पण एसएमपीएस बेताचे, आणि ग्राफिक्स कार्डाला वेगळी वीज देणारी तार त्यांत नसे. २०१४ च्या फेब्रुवारीत आलेल्या जीटीएक्स ७५० टीआय या कार्डाने हा तिढा सोडवला. त्याची भूक अवघी ६० वॅटची, आणि बोर्डाच्या खाचेतून मिळणारे ७५ वॅट त्याला पुरेसे. कचेरीत हिशेब लिहून निवृत्त झालेले यंत्र या एका कार्डाने खेळावयास सिद्ध होई. २०१५ साली संगणकावर आलेला जीटीए ५ असंख्य तरुणांनी अशा निवृत्तांवरच खेळला. २०१६ चे १०५० टीआय आणि २०१९ चे १६५० ही त्याच घराण्यातली पुढली माणसे. दुसरी वाट एएमडीने दाखवली. २०१८ च्या फेब्रुवारीत आलेल्या रायझन ३ २२००जी या प्रोसेसरच्या पोटातच कामचलाऊ चित्रशक्ती होती, आणि कार्ड पुढील वर्षावर टाकता येत होते. अट एवढीच की, आठ जीबीची एक पट्टी न घेता चारचार जीबीच्या दोन घ्याव्यात. कारण अशा प्रोसेसरला चित्रासाठी मुख्य रॅमच वापरावी लागते, आणि दोन पट्ट्यांमुळे तिच्याकडे जाणारे दोन मार्ग खुले होतात. तेवढ्याच पैशात कितीतरी अधिक फळ मिळवण्याची ही युक्ती दुकानदाराआधी गिऱ्हाइकांना ठाऊक झाली, यावरून विद्या आता कोणत्या बाजूला गेली होती हे कळते.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि खेळ हातातल्या फोनवर उतरला. चौफुल्याच्या रस्त्यावर, शेताच्या बांधावर, दौंडच्या फलाटावर पबजी खेळणारी मुले दिसू लागली, आणि संगणकाची ही वहिवाट आता संपणार असे वाटले. परंतु २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली; त्याआधी जूनमध्ये व्हॅलोरंट हा संगणकावरचा खेळ आला होता, जो दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही चालावा अशी मुद्दाम योजना होती. टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेली, ‘अभ्यास’ या सदरास पुन्हा बळ आले, आणि नेमका तेव्हाच ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला. इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी जगभरची कार्डे उचलली गेली, कारखान्यांतून चिपच्या चकत्या मिळेनात, आणि मूळ किमतीच्या दुपटीने जुनी कार्डे विकली जाऊ लागली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची रचना बदलून ते खाणकाम संपुष्टात आले, तेव्हा वर्षानुवर्षे अहोरात्र राबलेली कार्डे बाजारात ओतली गेली. ती घ्यावीत की घेऊ नयेत, पंख्याचा आवाज ऐकून काय ओळखावे, पेस्ट बदलून किती अंश उतरतात, हे आता तालुक्यातले मूलही सांगू शकत होते.

२०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाच्या संकुलास मंजुरी दिली. त्याचा खर्च ४९२ कोटी ८५ लाख रुपये धरला होता. ज्या तालुक्यात दोन दशकांपूर्वी एका खाचेसाठी पाचशे रुपयांची घासाघीस चाले, त्या तालुक्याच्या दृष्टीने ही बातमी मोठी होय. तथापि संकुलाने जोडणीकाराचा प्रश्न सुटेल, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी स्मृतीच्या चकत्यांची मागणी एवढी वाढली की रॅमचे भाव कडाडले, आणि मायक्रॉनसारख्या कंपनीने आपला क्रुशल हा किरकोळ विक्रीचा व्यवसायच गुंडाळण्याचे जाहीर केले. दुसरीकडे, रॅम बोर्डालाच डाखलेले लॅपटॉप सर्रास झाले आहेत, ज्यांत मागाहून घालण्याजोगे काही उरत नाही. विकत घेतलेल्या वस्तूत पुढे काही भर घालण्याचा ग्राहकाचा हक्क असा हळूहळू आकसत चालला आहे, आणि थोड्या पैशात यंत्र जोडणाऱ्याचे तर सारे शास्त्र त्या हक्कावरच रचलेले होते.

या वहिवाटीने काय दिले, याचा ताळेबंद मांडावयाचा झाला तर खेळांच्या विजयांची यादी त्यात धरण्याचे कारण नाही. ज्या हातांनी घरचा पहिला संगणक उघड्या कॅबिनेटमध्ये जोडला, त्यांतले कितीतरी हात पुढे दुरुस्तीच्या दुकानांत, कारखान्यांच्या देखभाल खात्यांत आणि कचेऱ्यांच्या सर्व्हर खोल्यांत कामाला लागले. पण हा लाभही आनुषंगिक म्हणावा लागेल. शाळेच्या दप्तरात या विद्येला विषय म्हणून स्थान नव्हते, आणि घरच्या जमाखर्चात संगणकाची रक्कम ‘अभ्यास’ या सदरात मुलाने लबाडीने आणि वडिलांनी समजून-उमजून टाकलेली होती. तरीसुद्धा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला, आपल्या कुटुंबाच्या पंचवीस हजारांचा विनियोग कसा करावा, कोणत्या कलमावर हात आखडावा, कोणत्यावर मुळीच आखडू नये आणि विक्रेत्याच्या बोलण्यातले किती घ्यावे, हे प्रत्यक्ष व्यवहारातून शिकवणारी दुसरी शाळा त्या काळी या दोन तालुक्यांत होती असे म्हणवत नाही. लबाडीने केलेली ती नोंद आज एखाद्या चोख हिशेबनिसाने तपासावयास घेतली, तर रक्कम दुसऱ्या सदरात टाकण्यास त्यालाही सबळ कारण सापडणार नाही.